धाक नसलेला करार आणि ठाण्याची वीज

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम शहरात संयुक्त राष्ट्रांची तिसावी हवामान परिषद झाली. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू यांच्यापासून जग टप्प्याटप्प्याने कसे दूर जाणार, याचा आराखडा तेथे ठरावा अशी ऐंशीहून अधिक देशांची मागणी होती. अंतिम निर्णयात मात्र असा आराखडा आला नाही. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला होता, आणि बेलेमला अमेरिकी सरकारने अधिकृत शिष्टमंडळच पाठवले नाही. घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये राहणाऱ्या, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत सौर पॅनेलचा ठराव चर्चेला आलेला पाहणाऱ्या वाचकाला यावरून दोन प्रश्न पडणे साहजिक आहे. ज्या करारातून कोणीही उठून जाऊ शकते, त्या कराराला अर्थ काय? आणि तिकडे ठरलेल्या किंवा न ठरलेल्या गोष्टींचा आपल्या विजेशी संबंध किती?

संबंध बराच आहे. मात्र तो उद्दिष्टांच्या गाजलेल्या तारखांतून जितका दिसतो, त्याहून अधिक कर्जाच्या व्याजदरातून आणि विजेच्या उच्चदाब वाहिन्यांतून दिसतो.

मुळात एकत्र येण्याची गरज का पडते?

कोळसा किंवा पेट्रोल जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षे टिकतो आणि जगभर मिसळतो. तो टेक्सासमधील गाडीतून निघाला की चंद्रपूरच्या वीज केंद्रातून, याने तापमानवाढीत फरक पडत नाही. त्यामुळे एका देशाने उत्सर्जन घटवले तर खर्च त्याचा एकट्याचा होतो आणि लाभ साऱ्या जगाला वाटला जातो. उलट एखाद्याने काहीच केले नाही, तरी इतरांच्या खर्चाचा लाभ त्याला फुकट मिळतो. सहकार्य अवघड होण्याचे मूळ येथे आहे.

तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो कोसळण्याची शक्यता वाढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाणे, कल्याण, बदलापूर हा पट्टा पाण्याखाली गेला. त्या एका दिवसाचे सारे खापर हवामान बदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. नाले बुजवल्याचे आणि खाडीकाठी भराव घातल्याचे पाप आपलेच होते. परंतु अशा पावसाची वारंवारता वाढत जाणार, याविषयी शास्त्रज्ञांत आता फारसा मतभेद नाही.

या पेचाचे स्वरूप समजण्यासाठी जुन्या गृहनिर्माण संस्थेची गळकी गच्ची डोळ्यांसमोर आणावी. ज्या सभासदांनी वर्षानुवर्षे गच्चीवर बांधकामे केली आणि टाक्या चढवल्या, ते आता म्हणतात की दुरुस्तीची वर्गणी सर्वांनी सारखी भरावी. नुकताच राहायला आलेला सभासद विचारतो की गच्ची मी वापरलीच नाही, तर सारखी का? तळमजल्यावरील दुकानदाराला गळती दिसतच नाही, आणि वरच्या मजल्यावरील निवृत्त कुटुंबाच्या घरात मात्र पाणी ठिबकत असते, पण त्याच्याकडे पैसे नसतात. येथपर्यंत जगाची आणि संस्थेची गोष्ट एकच आहे. फरक पुढे पडतो. थकबाकीदार सभासदाविरुद्ध संस्थेला उपनिबंधकांकडे जाता येते आणि कायद्याने वसुली करता येते. देशांच्या वर असा कोणी उपनिबंधक नाही.

शिक्षेची तरतूद असलेला करार का टिकला नाही?

१९९२ मध्ये रिओ येथे झालेल्या मूळ हवामान आराखडा करारात एक तत्त्व मान्य झाले: जबाबदारी सर्वांची आहे, पण सारखी नाही. ज्यांनी आधीपासून अधिक धूर सोडला आणि ज्यांची ऐपत अधिक आहे, त्यांनी आधी आणि अधिक करावे. त्यावर आधारित क्योटो करार १९९७ मध्ये झाला. श्रीमंत देशांना उत्सर्जन कपातीचे ठरावीक आकडे बंधनकारक झाले, आणि आकडा चुकला तर पुढच्या टप्प्यात अधिक कपात करावी लागेल अशी तरतूदही होती. अमेरिकेने या कराराला संसदीय मंजुरी कधीच दिली नाही, आणि कॅनडाने आकडे गाठता येत नाहीत असे दिसताच २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. शिक्षा होती, पण ती टाळण्यासाठी करारातून उठून जाणे पुरेसे होते.

२०१५ च्या पॅरिस कराराने म्हणूनच उलटा मार्ग धरला. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतः लिहायचे, दर पाच वर्षांनी ते आधीपेक्षा वाढवायचे आणि प्रगतीचा अहवाल सर्वांसमोर ठेवायचा. या उद्दिष्टांना करारात ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’ म्हणतात. आपण त्यांना सरळ ‘संकल्प’ म्हणू. संकल्प सादर करणे बंधनकारक आहे, पण तो पूर्ण करणे बंधनकारक नाही. ही त्रुटी अनवधानाने राहिलेली नसून तडजोड म्हणून मुद्दाम ठेवलेली आहे, कारण अन्यथा जवळजवळ सर्व देश एका कागदावर आलेच नसते. हवामान परिषदेत निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, म्हणूनच मसुद्यातल्या एकेका शब्दावर रात्री जातात. ग्लासगो येथे २०२१ मध्ये कोळशाचा वापर ‘संपवणे’ की ‘घटवणे’, यावर भारत आणि चीनने शेवटच्या तासांत आग्रह धरला आणि ‘घटवणे’ हा शब्द राहिला.

मग संकल्प कोणी पाळतो तरी का?

भारताचे उदाहरण घ्यावे. २०१५ च्या संकल्पात भारताने म्हटले होते की २०३० पर्यंत वीजनिर्मितीची ४० टक्के क्षमता कोळसा, वायू यांसारख्या जीवाश्म इंधनांखेरीज अन्य स्रोतांची असेल. २०२२ मध्ये हा आकडा ५० टक्के केला गेला, आणि २०२५ च्या मध्यातच, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधी, तो गाठला गेला. येथे एक सावधगिरी हवी. क्षमता म्हणजे संच पूर्ण चालले तर किती वीज देऊ शकतील तो आकडा होय. सौर पॅनेल रात्री काहीच देत नाही, कोळशाचा संच रात्रंदिवस चालू शकतो. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा अन्य स्रोतांचा असला, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी सुमारे सत्तर टक्के आजही कोळशातून येतात. सरकारी जाहिरातीतला आकडा आणि टीकाकारांचा आकडा दोन्ही खरे असू शकतात, ते असे.

हे उद्दिष्ट लवकर गाठले जाण्याचे मुख्य कारण किंमत हे होते. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर आणि पवन विजेला चढा दर हमखास देण्याचे ठरवले आणि त्याचा भार तेथील ग्राहकांच्या बिलावर टाकला. त्या हमखास मागणीवर चीनने प्रचंड कारखाने उभे केले, आणि २०१० नंतरच्या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. राजस्थानातील भडला येथे मे २०१७ मध्ये सौर विजेची बोली प्रतियुनिट २ रुपये ४४ पैशांवर आली, तर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात ती १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली गेली. जर्मन ग्राहकाने भरलेल्या बिलाचा लाभ असा आपल्यापर्यंत पोहोचला. याची वाटाघाट कोणत्याही परिषदेत झाली नव्हती. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले हवामानविषयक सर्वांत फलदायी सहकार्य हेच आहे, आणि ते बहुतांशी स्वार्थातून घडले.

स्वार्थातून घडलेल्या गोष्टीला दुसरी बाजूही असते. सौर पॅनेलच्या उत्पादनसाखळीतील प्रत्येक टप्प्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा चीनकडे गेला आहे. भारताने देशी पॅनेल वापरण्याची अट घातली, तेव्हा अमेरिकेनेच जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१६ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. पॅरिस करार लागू झाला तेही वर्ष हेच. पुढे एप्रिल २०२२ पासून भारताने आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावले. स्वस्त वीज हवी, देशी कारखाने हवेत आणि शेजाऱ्यावरचे अवलंबित्व नको, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत.

करारात धाक नाही, पण व्यापारात आहे

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात होणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा वस्तूंवर त्यांच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनानुसार आकारणी लागू केली आहे. युरोपातील कारखानदार उत्सर्जनाचे पैसे भरतो, म्हणून बाहेरच्यानेही भरावेत, असे तिचे समर्थन आहे. भारताचा आक्षेप असा की ही आकारणी एकतर्फी आहे आणि ‘जबाबदारी सारखी नाही’ या तत्त्वाला छेद देते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. युरोपला हवामानाची काळजी आहे आणि आपल्या कारखान्यांचीही आहे. न्हावा-शेवा बंदरातून युरोपला माल पाठवणाऱ्या धातू उद्योगाला मात्र आता आपल्या विजेचा आणि भट्टीचा हिशेब ठेवावाच लागेल. पॅरिस करारातील संकल्पापेक्षा असे एक शुल्कपत्रक कारखान्याच्या व्यवस्थापकाला अधिक लवकर हलवते.

धाक आणि मदत दोन्ही असलेला करार अशक्य नाही, हे ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल कराराने दाखवले आहे. त्यात सभासद नसलेल्या देशांशी संबंधित रसायनांचा व्यापार रोखण्याची तरतूद होती आणि गरीब देशांसाठी वेगळा निधी होता. पण ती रसायने बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय हाताशी होते. कोळसा आणि तेल यांच्यावर सारी अर्थव्यवस्था उभी आहे.

पैशांचे भांडण नेमके कशाचे आहे?

श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे गरीब देशांच्या हवामानविषयक कामांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले, आणि त्यांच्याच हिशेबाप्रमाणे ते २०२२ मध्ये प्रथम पूर्ण झाले. २०२४ मध्ये बाकू येथे हा आकडा २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर करण्याचे ठरले, तेव्हा निर्णय जाहीर झाल्यावर लगेच भारताच्या प्रतिनिधींनी भर सभेत त्याला आक्षेप घेतला, कारण विकसनशील देशांची मागणी वर्षाला १,३०० अब्ज डॉलरची होती. ही रक्कम बरीचशी कर्जाऊ असते, अनुदान थोडे असते. कर्जच घ्यायचे तर त्यावर एवढे भांडण कशाला, असे वाटू शकते. याचे उत्तर सौर विजेच्या हिशेबात आहे.

कोळशाच्या केंद्राचा खर्च आयुष्यभर पसरलेला असतो. आज केंद्र उभारले तरी कोळशाचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. सौर किंवा पवन प्रकल्पात ऊन आणि वारा फुकट असल्याने जवळजवळ सारा खर्च पहिल्याच दिवशी होतो, तोही बहुतांशी कर्जातून. म्हणून अशा विजेचा दर ठरतो तो मुख्यतः व्याजावर. एक कोटी रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ९६,५०० रुपये येतो. तेच ४ टक्क्यांनी मिळाले तर सुमारे ६०,६०० रुपये. ऊन तेवढेच, पॅनेल तेच, आणि हप्त्यात सदतीस टक्क्यांचा फरक. जर्मनीतील विकासकाला स्वस्त कर्ज मिळते, भारतातील विकासकाला महाग, आणि आफ्रिकेतील अनेक देशांत तर मिळतच नाही. वास्तविक ऊन नेमके तेथेच मुबलक आहे. श्रीमंत सरकारांनी किंवा जागतिक बँकेसारख्या संस्थांनी जोखमीचा वाटा उचलून व्याज उतरवणे, हा हवामान निधीचा खरा उपयोग आहे. भारत आणि फ्रान्स यांनी २०१५ मध्ये पॅरिस येथे जाहीर केलेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचाही एक प्रमुख हेतू सौर प्रकल्पांचे भांडवल स्वस्त करणे हाच आहे. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे.

येथे हमखास विचारले जाते की भारताने हा भार घ्यावाच का. भारत आज एकूण उत्सर्जनात जगात तिसरा आहे, पण दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे दोन टन, तर अमेरिकेचा सुमारे चौदा टन. आजवर साठलेल्या उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा जवळजवळ एक चतुर्थांश आहे, भारताचा तीन-चार टक्के. न्यायाच्या दृष्टीने भारताची बाजू भक्कम आहे. परंतु ज्या देशाचे बरेचसे तेल आयात होते आणि ज्याच्या किनाऱ्यावर मुंबई-ठाण्यासारखी शहरे वसली आहेत, त्याने इतरांची वाट पाहत बसणे हा आपल्याच पायावर धोंडा आहे.

देशांचे सोडा, राज्यांचे काय?

राजकीय सहकार्य म्हटले की परदेशी परिषदा आठवतात, पण अर्धा प्रश्न घरातला आहे. राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे कायदा केंद्र आणि राज्य दोघेही करू शकतात, आणि वितरण बहुतेक ठिकाणी राज्याच्या कंपन्यांकडे आहे. ठाणे आणि नवी मुंबईत ती महावितरण. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा या राज्यांना कोळशाच्या स्वामित्वधनातून (रॉयल्टीतून) मोठे उत्पन्न मिळते. रेल्वे कोळशाच्या भाड्यावर नफा कमावते आणि त्यातून प्रवासी भाडे कमी ठेवते, त्यामुळे कल्याण-ठाणे लोकलच्या स्वस्त पासाचा कोळशाशी दूरचा नातेसंबंध आहे. महाराष्ट्रातही चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र राज्याला वीज देते आणि धूर, राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतात. वीज पश्चिमेला आणि राख पूर्वेला, ही वाटणी राज्यातल्या राज्यात आहे. श्रीमंत आणि गरीब देशांचे भांडण समजून घेण्यासाठी बेलेमला जाण्याची गरज नाही.

त्यातही सर्वांत दुर्लक्षित भाग वाहिन्यांचा आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, पण त्याची वीज वाहून आणणाऱ्या वाहिनीला भूसंपादन, वनपरवानगी आणि अनेक राज्यांची संमती लागते, आणि वेळ कितीतरी अधिक जातो. म्हणूनच राजस्थानात भर दुपारी तयार होऊ शकणारी सौर वीज वाहिन्या अपुऱ्या असल्याने थांबवावी लागण्याची वेळ येऊ लागली आहे.

आपल्या परिसराने या प्रश्नाची झळ घेतलेली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बिघाड सुरू झाला तो कळवा-पडघा भागातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत. बाहेरून वीज आणणारे मार्ग मोजके असले की एक-दोन निकामी होताच उरलेल्यांवर भार येतो आणि तेही बंद पडतात. अनेक वर्षे रखडलेली खारघर-विक्रोळी वाहिनी त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. ऐरोली, रबाळे, महापे येथे उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरना तर चोवीस तास अखंड वीज लागते, त्यामुळे ही गरज वाढतच जाणार.

पर्यावरणाचा आक्षेप येथे उलट बाजूनेही येतो. खाडी ओलांडणाऱ्या वाहिनीसाठी कांदळवन तोडावे लागते, आणि २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांनाही त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आहे. या परवानगीने विलंब होतो हे खरे. पण भरतीचे पाणी आणि वादळाचा जोर अडवण्याचे काम तेच कांदळवन करते, म्हणून हा विलंब मला अनाठायी वाटत नाही.

मग आमच्या छताचा उपयोग किती?

एक किलोवॅट पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि ते दिवसाला सरासरी चार युनिट देते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सुविधांसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. चाळीस किलोवॅट बसवता आले तर महिन्याला सुमारे ४,८०० युनिट मिळतात; लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांचे बिल त्यातून बऱ्याच अंशी निघते. चौदा-वीस मजल्यांच्या इमारतीतील सदनिकांची वीज मात्र त्या छतावर मावणार नाही, हे ठराव मांडणाऱ्यांनी आधीच सांगितलेले बरे. चार मजल्यांच्या जुन्या इमारतीचे गणित यापेक्षा चांगले बसते.

उरलेली अडचण वेळेची आहे. सौर वीज दुपारी असते, आणि ठाण्यातील घरांत मागणी चढते ती लोक कामावरून परतल्यावर. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने दिवसाच्या वापरावर दरसवलत सुरू केली आहे, ती धुलाई यंत्रासारखी कामे दुपारकडे वळावीत म्हणून; परंतु संध्याकाळचा पंखा दुपारी लावून भागत नाही. त्यासाठी वीज साठवावी लागते, आणि साठवणुकीचा एक जुना नमुना आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. घाटघर प्रकल्पात शिल्लक विजेवर खालच्या धरणातील पाणी सह्याद्रीवरील वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. वरचे धरण अकोले तालुक्यात आहे, खालचे शहापूर तालुक्यात. त्यासाठी जपानने सवलतीचे कर्ज दिले. कर्जाचा करार १९८८ मध्ये झाला आणि प्रकल्प पुरा व्हायला २००८ साल उजाडले.

भिवपुरी आणि शिरवटा येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या अशाच प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने राज्य सरकारशी २०२३ मध्ये सामंजस्य करार केला आहे. त्यांना भांडवल कोणत्या व्याजाने मिळते आणि त्यांच्या वाहिन्यांना वाटेतील गावे, वनविभाग व न्यायालये कधी वाट देतात, यावर पुढच्या दशकात संध्याकाळी सात वाजता ठाण्यात येणारी वीज कितपत कोळशाची असेल, हे बऱ्याच अंशी ठरणार आहे.